अडीचशे शब्दांची तद्विद्यसंभाषा : क्रीडामानसशास्त्राच्या परिषदेस शोधसारांश पाठविताना

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठवा अध्याय आपणांपैकी प्रत्येकाने पदवी अभ्यासक्रमात वाचलेला आहे. वैद्याने तद्विद्य जनांशी संभाषा करावी, त्यायोगे ज्ञान वाढते, संदेह फिटतो आणि पूर्वी न ऐकलेले काही ऐकावयास मिळते, असा त्यातील उपदेश. संधायसंभाषा आणि विगृह्यसंभाषा हे तिचे दोन प्रकार, परिषदेचे प्रकार, वादमार्गातील पदे आणि वाक्यदोष हे सर्व परीक्षेपुरते आम्हीही पाठ केले होते. त्या अध्यायाचे खरे मोल मात्र आम्हांस कळले ते पदवीनंतर सुमारे वीस वर्षांनी, आणि तेही एका परत आलेल्या शोधसारांशामुळे. तो अनुभव वैद्यबंधू-भगिनी आणि औषधनिर्माते यांच्यासमोर ठेवावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

आमचा व्यवसाय तालुक्याच्या गावी. गावात मुलींच्या कबड्डीचा एक जुना संघ आहे. चार-पाच वर्षांपूर्वी त्यातील खेळाडू आमच्याकडे येऊ लागल्या. तक्रारी बहुधा सारख्याच : सामन्याच्या आदल्या रात्री झोप न लागणे, सकाळी वारंवार शौचास जावे लागणे, अन्नावरची वासना उडणे, मैदानात उतरण्यापूर्वी हातपाय गार पडणे. आम्ही शिरोधारा केली, अश्वगंधा चूर्ण दिले, निजण्याची व जेवणाची वेळ नेमून दिली, थोडा प्राणायाम शिकविला. बऱ्याच मुलींना बरे वाटले. जवळच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातील एका प्राध्यापक स्नेह्यांनी हे ऐकले आणि सुचविले, की एवढे काम केले आहे तर क्रीडामानसशास्त्राच्या परिषदेस सारांश पाठवा. आम्ही एका रात्रीत तो लिहून पाठविला. दीड महिन्याने नकार आला. सोबत दोन परीक्षकांचे अभिप्राय होते. पहिल्याचा अभिप्राय सहा ओळींचा होता, दुसऱ्याचा एकाच प्रश्नाचा : या अभ्यासात नेमके काय मोजले?

प्रथम राग आला. आयुर्वेदाविषयी पूर्वग्रह, असे म्हणून आम्ही तो कागद बाजूस ठेवला. राग ओसरल्यावर तो पुन्हा वाचला, तेव्हा त्यात आयुर्वेदाविरुद्ध एक अक्षरही नाही असे दिसून आले. जे काही होते ते आमच्या लिखाणाविषयी होते.

हे शास्त्र आपणांस परके नाही

क्रीडामानसशास्त्र म्हणजे खेळाडूचे मन, त्याचे वर्तन आणि त्याची कामगिरी यांच्या संबंधाचा अभ्यास. नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १८९८ साली सायकलस्वारांच्या वेळांची तुलना करून एकट्याने आणि इतरांसोबत धावण्यातील फरक मांडला. हा या विषयातील आरंभीचा अभ्यास मानला जातो. १९२५ मध्ये कोलमन ग्रिफिथ यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंसाठी प्रयोगशाळा चालविली. १९६५ मध्ये रोम येथे पहिली जागतिक परिषद भरली आणि तिच्यातूनच फेरुच्चो अँतोनेल्ली यांच्या अध्यक्षतेखाली आंतरराष्ट्रीय क्रीडामानसशास्त्र संघटना उभी राहिली. युरोपीय महासंघ १९६९ चा. आशिया व दक्षिण प्रशांत विभागाची संघटना १९८९ च्या सिंगापूर परिषदेच्या वेळी स्थापन झाली. आपल्या देशात २०११ च्या विश्वचषकविजेत्या क्रिकेट संघासोबत आणि २०२४ मध्ये बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदासाठी खेळणाऱ्या गुकेशसोबत पॅडी अप्टन यांनी केलेल्या कामामुळे हा विषय सामान्य वाचकांपर्यंतही पोहोचला आहे.

या शास्त्राचे प्रश्न आपल्या परिचयाचे आहेत. विमानस्थानाच्या ज्या अध्यायात संभाषाविधी आहे, त्याच अध्यायात दशविध परीक्षेत सत्त्व आणि व्यायामशक्ती ही दोन्ही आलेली आहेत. प्रवर, मध्यम आणि अवर सत्त्वाची माणसे समान प्रसंगाला वेगवेगळ्या रीतीने सामोरी जातात, हे आपण नित्य पाहतो. अर्थात् आपले सत्त्व आणि त्यांची स्पर्धापूर्व चिंता या दोन गोष्टी एकच नव्हेत. तसे समजणे ही आमची पहिली चूक होती. त्यांच्याकडे चिंता मोजण्यासाठी प्रमाणित प्रश्नावल्या आहेत. मार्टेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका सुपरिचित प्रश्नावलीत २७ विधाने असून ती तीन भागांत विभागली आहेत : विचारांतून जाणवणारी चिंता, शरीरातून जाणवणारी चिंता आणि आत्मविश्वास. प्रत्येक भागास ९ विधाने. आम्ही मात्र मुलींना विचारले होते, 'आता बरे वाटते ना?' औषध देणाऱ्या वैद्याने समोर बसून असा प्रश्न केला, तर कोणती मुलगी नाही म्हणेल?

परिषदेचा व्यवहार

ज्या व्यवसायबंधूंचा या व्यवहाराशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. परिषदेच्या काही महिने आधी संयोजक सारांश मागवितात. शब्दमर्यादा परिषदेगणिक बदलते. आमच्या वेळी ती अडीचशे शब्दांची होती. सादरीकरणाचे प्रकार साधारणतः चार : मौखिक निबंध, भित्तिपत्र, अनेक वक्त्यांचा परिसंवाद आणि कार्यशाळा. कोणता प्रकार हवा हे पाठविणाऱ्याने नोंदवावयाचे असते, परंतु मौखिक मागणाऱ्यास भित्तिपत्र देऊ केले जाते असे अनेकदा घडते. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. सारांश बहुधा लेखकांची नावे झाकून परीक्षकांकडे जातो. म्हणून मजकुरात स्वतःच्या दवाखान्याचे वा संस्थेचे नाव गुंफू नये. मान्यता मिळाल्यावर सादर करणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत नोंदणी शुल्क भरावे लागते, अन्यथा सारांश कार्यक्रमातून वगळला जातो. अंतिम मुदतीची वेळ संयोजकांच्या देशातील घड्याळाप्रमाणे असू शकते, हेही ध्यानी ठेवावे.

एक सावधगिरी. अलीकडे अनेक वैद्यांना स्तुतिपर निमंत्रणे येतात : 'आपल्या महान कार्याने प्रभावित होऊन आपणांस प्रमुख वक्ता म्हणून पाचारण करीत आहोत.' दोन दिवसांत मान्यता, परीक्षकाचा एकही अभिप्राय नाही, एकाच सभागृहात दंतवैद्यक, कृषी आणि मानसशास्त्र, आणि शुल्क मात्र भरमसाट. अशा ठिकाणी मिळालेल्या प्रमाणपत्रास ज्ञानाच्या बाजारात काही मोल नाही. परिषद कोणत्या मान्य संघटनेची आहे, परीक्षण समितीत कोण आहे, मागील परिषदेची सारांशपुस्तिका उपलब्ध आहे किंवा नाही, एवढे पाहिले तरी बहुतेक फसवणूक टळते. जेथे नकार मिळू शकतो, तेथील होकारालाच अर्थ असतो.

पाच वाक्यदोष

परत आलेला सारांश आणि चरकसंहिता असे दोन्ही समोर ठेवून आम्ही एके रविवारी बसलो. आचार्यांनी वाक्याचे पाच दोष सांगितले आहेत : न्यून, अधिक, अनर्थक, अपार्थक आणि विरुद्ध. आमच्या अडीचशे शब्दांत पाचही दोष नांदत होते.

न्यून म्हणजे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन यांपैकी एखाद्या अंगाची उणीव. आमच्या सारांशात प्रतिज्ञा होती आणि निगमन होते, मधला हेतूच नव्हता. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मोजण्याचे साधन नव्हते. पालकांची संमती व नीतिसमितीची मान्यता यांचा उल्लेख नव्हता, कारण ती घेतलेलीच नव्हती. याहून मोठी उणीव आम्ही जाणूनबुजून ठेवली होती, हे येथे कबूल केले पाहिजे. उपचार अठरा मुलींवर सुरू केले होते. सात मुली मध्येच यावयाच्या थांबल्या. आम्ही सारांशात 'अकरा खेळाडू' एवढेच लिहिले. त्या सात जणींना गुण आला नाही म्हणून त्या थांबल्या, की घरचे पाठवीनात म्हणून, हे आम्ही विचारलेही नव्हते. राहिलेल्यांना गुण आला असे म्हणताना, गुण आला म्हणूनच त्या राहिल्या असाव्यात, ही शक्यता आम्ही झाकली होती.

अधिक म्हणजे विषयास सोडून बोलणे वा तेच पुन्हा सांगणे. आयुर्वेदाविषयी बोलत असता बार्हस्पत्य वा औशनस शास्त्र मध्ये आणणे, हे संहितेतील उदाहरण. आमचे पहिले नव्वद शब्द आयुर्वेदाच्या प्राचीनतेवर खर्ची पडले होते. ज्यास आयुर्वेद ठाऊक आहे त्यास ते नको होते, आणि ज्यास ठाऊक नाही त्यास त्यावरून कबड्डीच्या मुलींविषयी काहीच कळत नव्हते.

अनर्थक म्हणजे नुसता अक्षरांचा समूह. 'सर्वांगीण संतुलन', 'सकारात्मक ऊर्जा', 'मनोबलाचा विकास' हे शब्द आम्ही वापरले होते. त्यांतील एकही मोजता येत नाही. शिवाय साधकपित्त, प्राणवायू असे शब्द स्पष्टीकरणाविना घातले होते. आपल्यासाठी ते सार्थ असले, तरी लिस्बन वा तैपेईच्या परीक्षकासाठी ती केवळ अक्षरेच.

अपार्थक म्हणजे प्रत्येक शब्द सार्थ, पण त्यांचा परस्परांशी संबंध नाही. शिरोधारा, अश्वगंधा, दिनचर्या, प्राणायाम हे चारही उपाय एकत्र केल्यावर फरक कशामुळे पडला, हे कोण सांगणार? चिकित्सेत अशी योजना योग्यच आहे, रोग्यास गुण येण्याशी कारण. परंतु परिषदेत प्रश्न एका उपायाचा असेल, तर उपायही एकच असावा, किंवा 'ही संपूर्ण योजना' असा प्रश्नच वेगळा मांडावा.

विरुद्ध म्हणजे दृष्टांत, सिद्धांत वा समय यांच्या विरोधी बोलणे. शीर्षकात चिंता, मजकुरात झोप आणि निष्कर्षात 'कामगिरीत सुधारणा' असा आमचा प्रवास होता. कामगिरी तर आम्ही पाहिलीच नव्हती. शिवाय प्रत्येक शास्त्राचा आपला समय असतो, त्याच्या परिभाषेची व व्यवहाराची मर्यादा असते. आम्ही त्या मुलींना 'रुग्ण' म्हटले होते. सामन्यापूर्वी छातीत धडधडणे हा क्रीडामानसशास्त्राच्या समयात रोग नव्हे. थोडी उत्तेजना खेळाडूस हितकरही ठरू शकते, असे तेथे मानतात.

आधुनिक वैद्यकातही ही जाणीव फार जुनी नाही. उद्देश, पद्धती, परिणाम, निष्कर्ष अशा मथळ्यांखाली सारांश लिहावा, ही सूचना वैद्यकीय नियतकालिकांसाठी १९८७ मध्ये पुढे आली, आणि तुलनात्मक चाचण्यांच्या सारांशात काय असावे याची तपशीलवार यादी २००८ मध्ये. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षणात परिषदांतील तीन लाखांहून अधिक सारांशांचा मागोवा घेतला आहे. त्यांपैकी सुमारे ३७ टक्केच पुढे पूर्ण निबंध म्हणून प्रसिद्ध झाले, आणि अनुकूल निष्कर्षांचे सारांश प्रसिद्ध होण्याचे प्रमाण अधिक होते. म्हणजे प्रतिकूल अनुभव दडपण्याचा मोह सर्वत्र आहे. तो केवळ वैद्यांचा दोष नाही. तथापि इतरत्र आहे म्हणून आपण तो पत्करावा, असेही नाही.

चूर्णाच्या डबीवरील प्रश्न

याच सुमारास घडलेला एक प्रसंग औषधनिर्मात्या बंधूंनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. संघाची कर्णधार राष्ट्रीय शिबिरासाठी निवडली गेली. जाण्यापूर्वी ती चूर्णाची डबी घेऊन आली आणि म्हणाली, "डॉक्टर, तिथे लघवी तपासतात. ह्यात बंदी असलेलं काही नाही ना?"

अश्वगंधा निषिद्ध द्रव्यांच्या यादीत नाही, हे आम्हांस ठाऊक होते. पण या डबीत अश्वगंधेखेरीज दुसरे काहीच नाही, हे आम्ही कशाच्या आधारे सांगणार? डबीवर बॅच क्रमांक होता, परंतु त्या बॅचचे पृथक्करण आम्ही कधी मागितले नव्हते. खेळाडूच्या शरीरात निषिद्ध द्रव्य आढळले, तर ते कसे आले हा मुद्दा नंतरचा. दायित्व प्रथम त्याचेच, असा उत्तेजकविरोधी संहितेचा दंडक आहे. तिच्या अनेक वर्षांच्या मेहनतीपुढे आमच्या 'काही होत नाही' या शब्दांचे वजन किती? आम्ही डबी ठेवून घेतली आणि तिला ते चूर्ण थांबविण्यास सांगितले. ती गेल्यावर पुष्कळ वेळ आम्हांस चैन पडली नाही. अकरा मुलींना गुण आला असे आम्ही परक्या देशातील परीक्षकांना खात्रीने लिहिले होते, आणि समोर उभ्या असलेल्या मुलीला मात्र एका डबीची खात्री देऊ शकलो नव्हतो.

हा प्रश्न काल्पनिक नाही. जर्मनीतील एका प्रयोगशाळेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ देशांतील ६३४ पूरक उत्पादने तपासली. त्यांपैकी ९४ उत्पादनांत, म्हणजे १४.८ टक्क्यांत, वेष्टनावर न नोंदविलेली संप्रेरकसदृश द्रव्ये आढळली. आपल्या नित्याच्या औषधांतही खेळाडूपुरते विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. कुचल्यातील स्ट्रिक्नीन स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. अग्नितुंडी वटीत कुचला असतो. सोमलतेतील एफेड्रिन लघवीत ठरावीक मर्यादेहून, म्हणजे मिलिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून अधिक आढळल्यास स्पर्धाकाळात दोष धरला जातो. भांगेतील मादक घटक स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. जातिफलादि चूर्णाचा पाठ येथे आठवावा. हिजेनामीन हे द्रव्य २०१७ पासून यादीत नावानिशी आहे आणि ते सदासर्वकाळ निषिद्ध आहे. वत्सनाभाच्या कुळातील काही जातींत, तसेच टिनोस्पोरा क्रिस्पा या वेलीत ते आढळते. ही वेल आपल्या गुळवेलीची सख्खी बहीण, दिसावयास बरीचशी तशीच, आणि बाजारात गुळवेल म्हणून तिची भेसळ होऊ शकते. साध्या सर्दीवर त्रिभुवनकीर्ती देतानाही समोरची व्यक्ती खेळाडू आहे काय, हे विचारणे म्हणूनच अगत्याचे. २०२२ मध्ये आपल्या देशातही राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा झाला आहे.

आम्ही चूर्ण पुरविणाऱ्या फार्मसीच्या मालकांकडे गेलो. ते आमचे जुने स्नेही. पहिल्या सारांशाच्या वेळी त्यांनी चूर्ण विनामूल्य दिले होते आणि शीर्षकात आपल्या उत्पादनाचे नाव यावे अशी इच्छा दर्शविली होती. आम्ही ते नाव घातले, पण औषध विनामूल्य मिळाल्याचे लिहिले नव्हते. तोही एक न्यूनदोषच. या वेळी आम्ही त्यांच्याकडे बॅचची नोंद आणि पृथक्करण मागितले. ते प्रथम दुखावले. "वैद्यराज, वीस वर्षं तुम्ही माझा माल वापरता. कधी संशय आला?" असे त्यांनी विचारले. आम्ही कर्णधार मुलीचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. ते काही वेळ गप्प राहिले, मग त्यांनी कपाटातून नोंदवही काढली. कच्चा माल कोणाकडून आला हे होते. तो तपासला कोणी, या रकान्यात काही बॅचपुरती जागा कोरी होती. त्यांनी ती स्वतःच आम्हांस दाखविली, हा त्यांचा मोठेपणा. तेव्हापासून प्रत्येक बॅचचा नमुना ते बाहेरील प्रयोगशाळेकडे पाठवितात आणि आम्ही मागण्यापूर्वीच प्रत हाती देतात. उत्तम निर्मितीचे नियम परिशिष्ट 'टी'द्वारे २००० सालापासून आपणांस लागू आहेत. कागद त्यापूर्वीही भरला जात होता. तो कोणासाठी भरावयाचा, हे त्यांना त्या दिवशी पटले.

दुसरा सारांश

दुसऱ्या वेळी आम्ही औषध वगळले. ज्याचे प्रमाण हाती नाही त्याविषयी बोलावयाचे नाही, एवढा निश्चय केला. मग उरले काय? उरली प्रश्नपरीक्षा. वैद्याचे ते सर्वांत जुने साधन. क्रीडामानसशास्त्रात आकड्यांइतकाच मुलाखतींवर आधारलेल्या गुणात्मक अभ्यासासही मान आहे, हे आम्हांस प्राध्यापक स्नेह्यांनी सांगितले. सामन्याच्या आदल्या रात्री आणि सकाळी शरीरात व मनात काय होते, हे मुलींनी आपल्या शब्दांत सांगावे आणि आम्ही ते नोंदवावे, असा अभ्यास ठरला. जवळच्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या नीतिसमितीकडे रीतसर अर्ज केला. अठरा वर्षांखालील मुलींच्या पालकांची लेखी संमती आणि मुलींची स्वतःची तयारी, अशी दोन्ही घेतली. आम्ही त्यांचे वैद्य असल्यामुळे मुलाखती आम्ही घेतल्या नाहीत. त्या महाविद्यालयातील एका भगिनीने घेतल्या.

मुली जे बोलल्या ते कोणत्याही प्रश्नावलीत सापडणारे नव्हते. पोटात गोळा येतो. घशाला कोरड पडते. पाय आपले वाटत नाहीत. घरी जागा नसल्यामुळे सर्वांच्या उशाशी झोपावे लागते, आणि जागी राहिले तर आई रागावते, म्हणून डोळे मिटून पडून राहते. एकीने सांगितले, की हरण्याची भीती वाटत नाही, हरून घरी गेल्यावर पुढच्या वर्षी खेळू देतील की नाही याची वाटते. ही नोंद वाचली तेव्हा आम्ही थबकलो. या मुलीस आम्ही दोन महिने शिरोधारा केली होती आणि हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मध्येच थांबलेल्या सात जणींत ती होती.

सारांश लिहिताना एकच शिस्त पाळली : ज्या वाक्यामागे नोंद नाही ते खोडावयाचे. अभ्यास का केला ते दोन वाक्यांत. कोणास, किती जणींस आणि कसे विचारले ते चार वाक्यांत. काय आढळले ते पाच वाक्यांत, मराठी शब्द जसेच्या तसे ठेवून व त्यांचा अर्थ देऊन. मर्यादा एका वाक्यात : एकच संघ, एकच गाव. निष्कर्षही एकच : ग्रामीण खेळाडूंच्या स्पर्धापूर्व चिंतेचा विचार करताना घरची परिस्थिती विचारली पाहिजे. आयुर्वेदाचा उल्लेख फक्त एवढाच, की अभ्यास करणारे वैद्य आहेत. कोणते साहाय्य कोणाकडून मिळाले, हेही नमूद केले.

हा सारांश भित्तिपत्र म्हणून स्वीकारला गेला. परिषदेत आमच्या कागदासमोर थांबलेली माणसे दोन हातांच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. परंतु त्यांतील एका वयस्क प्रशिक्षिकेने तासभर थांबून घरच्या परवानगीविषयी विचारले आणि आपल्याकडील मुलींचे अनुभव सांगितले. परिषद ज्ञानवती असावी आणि श्रोता अनुकूल असावा, हे संहितेतील वर्णन त्या तासात आम्ही अनुभवले. गावी परतल्यावर प्रशिक्षकांच्या साहाय्याने चार घरी पालकांशी बोलणे झाले. त्यांपैकी तीन घरी मुलगी पुढील वर्षीही खेळेल असे ठरले. चौथ्या घरी ठरले नाही.

व्यवसायबंधूंस विनंती

ज्यांच्याकडे खेळाडू येतात अशा प्रत्येकाने सारांश पाठवावा, असे आमचे म्हणणे आहे. त्यासाठी मोठे रुग्णालय लागत नाही. काही गोष्टी मात्र आधीपासून हव्यात. प्रश्न एकच घ्यावा. काम सुरू करण्यापूर्वीच नीतिसमिती गाठावी, काम झाल्यावर मान्यता मिळत नाही. उपचाराची चाचणी असेल तर ती सुरू होण्यापूर्वी भारतीय चाचणी नोंदणीत दाखल करावी. ही सोय २००७ पासून उपलब्ध आहे. परकी प्रश्नावली वापरावयाची तर तिच्या कर्त्यांची अनुमती घ्यावी, मराठी भाषांतर करून दुसऱ्याकडून ते पुन्हा इंग्रजीत आणावे आणि मूळ अर्थ टिकला की नाही ते पाहावे. मध्येच थांबलेल्यांची संख्या आणि कारण नोंदवावे. सारांश लिहून झाल्यावर तो क्रीडाशिक्षकास वाचावयास द्यावा. त्यास जे कळले नाही ते परीक्षकासही कळणार नाही.

औषधनिर्मात्या बंधूंस एवढेच सांगणे, की अभ्यासास औषध जरूर द्यावे, सोबत बॅचचे पृथक्करण द्यावे, आणि निष्कर्ष काय यावा याची अपेक्षा ठेवू नये. शीर्षकात आलेल्या नावाने जेवढा विश्वास मिळतो, त्याहून अधिक विश्वास विचारल्यावर लगेच पुढे केलेल्या कागदाने मिळतो.

कर्णधार मुलगी शिबिराहून परतल्यावर भेटावयास आली. चूर्ण पुन्हा सुरू करू का, असे तिने विचारले. आम्ही नव्या बॅचच्या पृथक्करणाची प्रत तिच्या हाती दिली. त्यात काय तपासले आहे आणि काय तपासलेले नाही तेही सांगितले, आणि ती शिबिराच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांस दाखवून मग ठरव, असे सुचविले. तिने तो कागद घडी घालून दप्तरात ठेवला.

इत्यलम्.